वाक्कानाईची गाडी आणि मूठभर तांदूळ

गाडी सुटली आणि मी फलाटावर राहिले. छातीशी सव्वा महिन्याची पोरगी, आणि तिची आई त्या गाडीत झोपलेली.

मी ओरडले, "ओ ड्रायव्हर! थांबवा गाडी! आम्ही खाली आहोत!" मराठीतच ओरडले, दुसरं काय येतं मला? डब्याचा मागचा लाल दिवा बर्फाच्या भुग्यात लहान होत गेला आणि विझल्यासारखा झाला. समोरच्या रुळावरची उलट दिशेची गाडीही निघून गेली. मग कसलाच आवाज उरला नाही. आमच्या रानात कितीही एकटं असलं तरी कुठेतरी कुत्रं भुंकतं, कोणी लाकूड फोडत असतं. इथे बर्फ पडत होता आणि त्याला आवाज नव्हता.

पोरगी आधी रडत होती. मग गप्प झाली. तान्हं मूल थंडीत गप्प झालं की झोपलं असं समजायचं नसतं. मी गोधडी बाजूला करून पाहिलं. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते.

हे कसं झालं ते आता पहिल्यापासून सांगते. आमच्या जामसर गावात येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, "आजी, जपान कसं आहे?" प्रत्येकाला सांगून घसा बसला, म्हणून लिहून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले. घरी आमची बोली वेगळी आहे, पण सगळ्यांना वाचता यावं म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते.

माझी नात दर्शना आणि तिचा नवरा महेश जपानच्या अगदी उत्तरेला, वाक्कानाई नावाच्या गावात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला आहेत. तिथले म्हातारे उचलायचे, न्हाऊ घालायचे, भरवायचे. महेश मोखाड्याचा. दर्शनाचं बाळंतपण अवघड जाईल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तिला असाहिकावा या मोठ्या गावातल्या दवाखान्यात ठेवलं. तिची आई, म्हणजे माझी सून, भाताची कापणी आणि गुरं सोडून येऊ शकत नव्हती. मग घरात रिकामी कोण? मी.

विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बसले आणि उतरले. जामसरच्या शेतातले तांदूळ फडक्यात बांधून नेले होते ते विमानतळावर काढून घेतले. तिथला नियमच आहे, धान्य नेऊ देत नाहीत. मला वाईट वाटलं, कारण ते तांदूळ खाण्यासाठी नव्हते.

आमच्याकडे नवं मूल पहिल्यांदा घाट किंवा शीव ओलांडून नेताना गाडीतून खाली उतरतात आणि शिवेवर मूठभर तांदूळ ठेवतात. मूल कडेवर असावं लागतं. हे बरोबर की चूक असा विचार मी कधी केला नाही. माझ्या आईने केलं, मी केलं.

बाळंतपणात दर्शनाचं रक्त फार गेलं. मुलगी लहानशी, पण रडायला जोरकस. दवाखान्यातून सुटल्यावर दर्शना त्याच गावात एका खोलीत भाड्याने राहत होती, तिथे मी तिला डिंकाच्या लाडवांऐवजी तिळाचे लाडू करून घातले, कारण डिंक मिळाला नाही. सव्वा महिना झाल्यावर आम्ही वाक्कानाईला निघालो. तिथे महेश वाट पाहत होता.

या रेल्वेला सोया मार्ग म्हणतात. असाहिकावापासून निघून उत्तरेला जिथे जपानचे रूळ संपतात तिथपर्यंत जातो. बर्फामुळे त्या दिवशी जलद गाडी रद्द झाली होती, म्हणून आम्ही थांबत थांबत जाणारी गाडी धरली. गाडी कसली, डिझेलवर चालणारा एकच डबा. आपल्या एसटीला रुळांवर ठेवावं तशी. कंडक्टर नाही. ड्रायव्हरच तिकीट बघतो आणि उतरताना त्याच्याच शेजारच्या दारातून उतरायचं. बाकांखाली हीटर, पाय भाजतील इतका. सहा-सात माणसं होती, सगळी गप्प. मी दर्शनाशी बोलत होते तर ती म्हणाली, "आजी, हळू बोल. इथे गाडीत मोठ्याने बोलत नाहीत."

"मग बोलतात कुठं?"

"घरी."

"घरी तर सगळे एकटे राहतात म्हणालीस."

ती हसली. तिने पोरीला पाजलं आणि माझ्याकडे दिली. बाहेर शेतं पांढरी, घरांची छपरं पांढरी, झाडंसुद्धा वरून पांढरी. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज बदलला. घाट चढताना एसटी कण्हते तसा.

"चढ लागला का?" मी विचारलं.

"हो. आता खिंड येईल. खिंडीच्या अलीकडचं पाणी एका नदीला जातं, पलीकडचं दुसऱ्या नदीला." एवढं सांगून दर्शनाने खिडकीला डोकं टेकलं आणि झोपली. कितीतरी रात्रींची झोप राहिली होती तिची.

पाणी दोन बाजूंना जातं म्हणजे ती शीवच. दर्शनाच्या खोलीतल्या डब्यातले जपानी तांदूळ मी निघतानाच रुमालात बांधून घेतले होते.

गाडी खिंडीतल्या स्टेशनात थांबली. आजूबाजूला रान, दोन रूळ, दोन फलाट, एक लाकडी खोली. गाडी थांबली ती थांबलीच. समोरून येणारी गाडी येईपर्यंत तिला थांबावं लागतं, कारण पुढे रूळ एकच. मी उठले, पोरगी गोधडीत गुंडाळलेली होतीच. दर्शनाला उठवलं नाही. उठवलं असतं तर तिने जाऊ दिलं नसतं. ड्रायव्हरने हात पुढे केला. मी तिकीट दाखवलं, त्याने ते ठेवूनच घेतलं आणि टोपीला हात लावून वाकला. मला वाटलं, परत चढताना देईल.

फलाटाच्या टोकाला एक झाड होतं. तिथे जाऊन मी तांदूळ ठेवले. तेवढ्यात समोरची गाडी आली. मी मनात म्हटलं, आता घाई नाही. आमच्या घाटात दोन एसट्या समोरासमोर आल्या की दोन्ही ड्रायव्हर काचा खाली करतात, कोणाच्या घरी काय, डेपोत काय, सगळं बोलून होतं. आणि कंडक्टर म्हातारी चढली का ते बघितल्याशिवाय घंटी मारत नाही. तंबाखू थुंकून का होईना, हाक मारतो, "ओ आजी, चला!" जन्मभर हेच पाहिलं. त्यामुळे मी सावकाश वळले.

हाक कोणी मारली नाही. दारं बंद झाली, आणि दोन्ही गाड्या आपापल्या वाटेने गेल्या.

खोलीचं दार मी सरकवून पाहिलं, हलेना. खाली बर्फाने गोठलं होतं. मी पाठ वाऱ्याकडे केली, स्वेटरची बटणं काढली, चोळी सोडली आणि पोरीला उघड्या अंगाशी धरून वरून सगळं गुंडाळलं. तिचे तळवे माझ्या पोटाला लागले ते बर्फाचे खडे. मी ते चोळत राहिले. देवाचं नाव घेतलं नाही. चोळण्यात खंड पडला असता.

मग रस्त्याकडून माझ्याच वयाची एक बाई आली. डोक्याला रुमाल, गुडघ्यापर्यंत बूट, हातात बर्फ ढकलायचं मोठं निळं फावडं. मला पाहून ती थांबली. माझं लुगडं, त्यावर महेशचं जाकीट, आणि मधे एक छोटं डोकं. फावडं टाकून धावत आली.

"अकाचान!" ती म्हणाली. अकाचान म्हणजे तान्हं बाळ. हा एक शब्द मला येत होता, दवाखान्यात रोज ऐकलेला.

"हो बाई, अकाचान. गार पडलंय. चूल कुठे आहे?"

ती तिच्या भाषेत भराभरा बोलू लागली. आवाजावरून कळलं की मला शिव्या घालते आहे. अबुनाई, अबुनाई (धोका, धोका) असं सारखं म्हणत होती.

"नंतर भांड," मी म्हटलं. "आधी चूल."

आम्ही दोघी एकमेकींचं अवाक्षर न कळता बोलत बोलत रस्ता ओलांडून तिच्या घरी गेलो. घरात रॉकेलची शेगडी, वर किटली. तिने पोरीला शेगडीपाशी ठेवायला हात पुढे केले. मी दिली नाही. गारठलेलं मूल एकदम आगीपाशी नेत नाहीत. तिने रबराच्या पिशवीत गरम पाणी भरून आणलं. तेही मी बाजूला सारलं. तिने भिंतीवरचे फोटो दाखवले, एक, दोन, तीन मुलं, आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. म्हणजे मीही वाढवलीत. मी म्हटलं, "वाढवली असशील. ही माझी आहे."

 मग तिने कपाटातून जाड रजई काढली, माझ्या आणि पोरीच्या भोवती गुंडाळली, माझे बूट ओढून काढले आणि माझे पाय चोळायला बसली. मी पोरीचे तळवे चोळत होते, ती माझे. बोलायचं दोघींनी बंद केलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग माझ्या पोटावर गरम ओल पसरली. पोरगी मुतली होती. मी हसले. ती बाई घाबरून बघायला लागली तर मी रजई वर करून दाखवलं. तिलाही हसू फुटलं. आणि मग पोरगी रडली, तिचं नेहमीचं रडणं, कान फाटतील असं. मी इतकं चांगलं काही कधी ऐकलेलं नाही.

त्यानंतर तिने रेल्वेला फोन केला. फोन लागला तेव्हा पलीकडे सगळ्यांना आधीच माहीत होतं. दर्शना जागी होऊन गाडीत किंचाळली होती. ड्रायव्हरला वाटलं होतं की मी त्या खिंडीत कोणाकडे पाहुणी म्हणून उतरले. त्याने दर्शनाला पुढच्या स्टेशनवर उतरवलं, सगळीकडे कळवलं, माझं तिकीट तिच्या हातात दिलं आणि चूक माझी असून स्वतः माफी मागितली. बाईने आपली लहान गाडी काढली आणि आम्हाला तिथे नेलं.

दर्शना बाकावर बसली होती. 

"आजी, पोरगी?"

"ही काय. भूक लागलीय तिला. आधी पाज, मग मला शिव्या घाल."

तिने दोन्ही एकदम केलं. "म्हातारी झालीस पण अक्कल आली नाही तुला! कशाला मेली उतरलीस?"

"शिवेवर तांदूळ ठेवायला."

तिने पोरीची गोधडी सारखी केली. मग म्हणाली, "माझ्या वेळी ठेवले होतेस?"

"जव्हारचा घाट उतरताना. कंडक्टरने गाडी थांबवून धरली होती. वर म्हणाला, पोरगी कोणावर गेलीय हो?"

"आजी, इथे कंडक्टर नाही."

"ते आता कळलं."

त्या बाईने निघताना आमच्या हातात ओनिगिरी (भाताचे दाबून केलेले गोळे, आत आंबट फळ घातलेले) दिले. मी नमस्कार केला, ती कमरेत वाकली, आणि जाता जाता मला बोट दाखवून म्हणाली, "अबुनाई." शेवटचा शब्द तिचाच.

रात्री नायोरो गावात राहिलो आणि सकाळी पुढची गाडी धरली. या वेळी दर्शनाने माझ्या जाकिटाचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. ओनिगिरीतला भात चिकट असतो. आमच्या भातासारखा मोकळा नाही, पण थंड झाला तरी खाता येतो आणि हाताला तूप-तेल लागत नाही. आतलं फळ मात्र चिंचेलाही लाजवेल.

नायोरोच्या पुढे माणसं कमी होत जातात. एक मोठी नदी गाडीच्या बाजूने चालते, ती अर्धी गोठलेली होती. काही स्टेशनांवर मालगाडीचा जुना डबा जमिनीवर ठेवून त्यालाच स्टेशन केलं आहे. चढणारं कोणी नसलं तरी गाडी थांबते, दार उघडतं, बंद होतं. ड्रायव्हर पांढरा हातमोजा पुढे करून स्वतःशीच काहीतरी मोठ्याने म्हणतो. दर्शना म्हणाली, सिग्नल बघितल्याचं तो स्वतःला सांगतो. एका ठिकाणी रुळावर हरणं उभी होती. गाडीने शिटी वाजवली, हरणं हलेनात. पुन्हा वाजवली. माझ्या मनात आलं, हरणांसाठी थांबतात, म्हातारीसाठी नाही. पण ते खरं नाही. मी रुळावर उभी नव्हते, मी झाडापाशी तांदूळ ठेवत होते. त्याला कसं कळावं?

शेवटी डाव्या हाताला समुद्र दिसला आणि समुद्रातून वर आलेला एक पांढरा डोंगर. त्यानंतर वाक्कानाई. तिथे रूळ खरोखरच संपतात. महेश फलाटाशी उभा होता. त्याने पोरीला घेतलं, तिच्या नाकाला नाक लावलं, मग मला म्हणाला, "आजी, तुम्हाला आता दाव्याने बांधून ठेवतो."

"बांध. पण चुलीजवळ बांध."

महिनाभराने मी परत आले. मुंबईहून जव्हारच्या एसटीत बसले. घाटात गाडी थांबली, ड्रायव्हर खाली उतरला. मी जागेवरून हलले नाही. कंडक्टर म्हणाला, "आजी, पाय मोकळे करा की. तुम्हाला टाकून कुठे जातोय?" मी म्हटलं, "नको बाबा, बरी आहे इथेच."

गावात बायका म्हणतात, शिवेवर तांदूळ ठेवले म्हणून पोरगी वाचली. मी त्यांना सांगते, तांदूळ ठेवायला उतरले म्हणूनच मरायला टेकली होती. वाचली ती चोळीतल्या उबेने आणि रस्त्यापलीकडच्या रजईने. यापुढे आमच्या घरचं कोणी गाडीने मूल नेणार असेल तर तांदूळ निघायच्या आधी अंगणातच ठेवायचे, असं मी ठरवलं आहे. सुनेला पटलं नाही. न पटू दे.

मी जामसरला आहे, रोज नागली (नाचणी) दळते. फोनवर परवा पाहिलं, पोरगी आता बाकाला धरून उभी राहते. त्या फलाटावर आम्ही दोघी होतो. दोघीही जगलो.