बिनपाण्याचं कूलंट

वडिलांच्या चाळीस वर्षं जुन्या जीपमध्ये मी हौसेनं बिनपाण्याचं कूलंट भरलं. ते सहसा उकळत नाही, गंज धरू देत नाही, पण त्यात पाणी मिसळलेलं चालत नाही. हे मुरबाडच्या मेकॅनिकला मी दहादा बजावलं. वडिलांना सांगायचं मला, गाढवाला, सुचलंच नाही.

म्हशाच्या जत्रेला निघताना त्यांनी नेहमीसारखं रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओतलं. पाणी पाजल्याशिवाय बैल जत्रेला काढायचा नाही, ही त्यांची रीत, जीपलाही तीच. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "कळत नाय तर हात कशाला लावता?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

कूलंट मी पुन्हा नवं भरलं. जीप आता घाटातही तापत नाही.

वडील म्हशाला एसटीनं जातात.