आईच्या गोष्टीत जहाज यायचं नाही

मंडळी, तुमच्या आईनं सांगितलेली गोष्ट पुढं कधी स्वतः वाचून पाहिली का?

आज दुपारी फुलचूरच्या घरी लेकीला माझं लहानपणीचं पुस्तक वाचून दाखवलं. जहाज फुटून बेटावर एकटाच अडकलेल्या खलाशाची गोष्ट.

आईला वाचता येत नाही, ती मला चित्रं पाहून सांगायची. आधी कोडं घालायची, "चारी बाजूनं पानी, मधात एक जीव, सांग कोन?"

मी म्हणायचे, "खलाशी."

"चूक," म्हणून हसायची. तिचा खलाशी बेटावर धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, करायचा अन् तिथलाच होऊन जायचा.

आज कळलं, पुस्तकात शेवटी त्याला न्यायला जहाज येतं.

आमगावला फोन लावला. "आई, तू जहाज काऊन नाही आणलं?"

"माज्या टाइमाले कुठं आलतं? लगन होऊन आली अन् पावसाळा लागला. नाल्याले पूर, चहूकडं धानाच्या बांध्या पान्यानं भरलेल्या. माहेरून न्याले कोनी आला नाही. मंग मीच गेली रोवण्याले."

मग म्हटलं, "आई, त्या कोड्यातला जीव तूच ना?"

"सुटलं काय," ती म्हणाली. "लय वर्सं लावली तू."