तलफ आली तर दोन दाबा

"हालो... हालो... मागच्यांना ऐकू येतंय का?"

काका बोलायला लागले की आधी हे विचारत आणि बोटानं माईकवर टकटक करत. मागे कुणी असो वा नसो. परभणीच्या आमच्या ऑफिसातली रेकॉर्डिंगची खोली म्हणजे भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली अडगळीची खोली. तिथे मागे म्हणजे थेट भिंत, आणि समोर मी एकटी. तरी काका विचारत, क्षणभर कान देत आणि मला सांगत, "येतंय म्हणायलेत."

तुम्ही या जिल्ह्यातले असाल तर तुम्ही त्यांना पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. रिक्षावर कर्णा बांधून गावोगाव फिरणारा तो आवाज काकांचा. साड्यांचा सेल, कापसाचं बियाणं, जत्रेतला पाळणा, हरवलेली म्हैस, सगळं त्यांच्याच गळ्यातून आलेलं. पुढे मेमरी कार्ड निघालं. एकदा रेकॉर्ड केलेलं दिवसभर आपोआप वाजायला लागलं आणि रिक्षात माणूस बसवायची गरज उरली नाही.

त्याच सुमाराला आमची संस्था बिडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी मोबाईलवर चालणारा एक ऑनलाइन कार्यक्रम तयार करत होती. नाव नोंदवायचं, सोडायचा दिवस ठरवायचा, मग रोज एक मेसेज. वाचता न येणाऱ्यांनाही उपयोग व्हावा म्हणून सगळे मेसेज बोलते. कार्यक्रमाची रचना माझ्याकडे होती आणि आवाजासाठी काकांना घेतलं. ते मला 'इंजिनेर बाई' म्हणत, आणि त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिला मेसेज त्यांनी एका दमात ठोकला. "बिडी सोडा! बिडी सोडा! बिडी सोडा! आता आपल्याच गावात!"

मी कपाळाला हात लावला. "काका, हे माणसाच्या कानाशी वाजणार आहे. बाजारात नाही."

"मग तर आजून मोठ्यानं पायजे. कानात मळ ऱ्हातो."

दुसऱ्याच दिवशी झरीहून एका बाईंचा फोन आला. नवऱ्याच्या मोबाईलवर तो आवाज ऐकून त्यांना एवढंच विचारायचं होतं, की साड्यांचा सेल कुठे लागलाय. मी तोंड पाडून बसले. काका खूश. "आवाजाला वट हाय आजून. फकस्त माल बदललाय, ते लोकांना समजायला येळ लागंल."

त्यांनी स्वतः बिडी सोडली होती ती घशापायी. डॉक्टरांनी सांगितलं, बिडी ठेवा नाहीतर आवाज ठेवा. काकांनी आवाज ठेवला. त्यामुळे या विषयात आपल्यापेक्षा मोठा जाणकार कुणी नाही अशी त्यांची खात्री होती, आणि नोंदणीतला एक प्रश्न आम्ही केवळ त्यांच्या हट्टामुळे घातला : तुमच्या जिवाभावाच्या माणसाचा नंबर द्या. एखाद्याला तलफ आली की त्यानं बटण दाबायचं, की लगेच त्या जिवाभावाच्या माणसाला मेसेज जाणार, 'तुमच्या दोस्ताला तलफ आली आहे, जाऊन भेटा.'

"दोस्ताबिगर आपल्याकडं काय बी सुटत न्हाई," काका म्हणाले होते.

मेसेज तर भराभर जायला लागले. बिडी मात्र कुणाची सुटेना. हे गौडबंगाल काय ते पाहायला आम्ही दोघं गंगाखेडला गेलो, तेव्हा उलगडा झाला. आपण ज्याच्यासोबत बसून बिडी ओढतो, त्याचाच नंबर पुरुषांनी दिला होता. दुसरा कुणाचा देणार? तलफ आली की आमचा मेसेज जाई, दोस्त हातातलं काम टाकून इमानदारीनं धावत येई, आणि येताना बंडल आणि काडेपेटी घेऊन येई. एका ऊसतोड मुकादमानं तर आमचे आभारच मानले. "आदी त्याला बोलवायला जावं लागायचं. आता तुमीच धाडायलाव."

काका बसस्टँडच्या बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला हसू येत नव्हतं, कारण पुन्हा सगळं मांडायचं मलाच होतं. एवढ्यात समोर बस लागली. आमच्या शेजारी साठीतले एक फेटेवाले निवांत बिडी ओढत उभे होते. बसमधून त्यांचे चुलते उतरले, तसे या गृहस्थांनी पेटती बिडी सदऱ्याच्या खिशात घातली आणि पाया पडायला वाकले. पाया पडता पडता खिशातून धूर यायला लागला. चुलत्यांनी आशीर्वादाचा हात तसाच खाली आणून खिशावर फटाफट मारला.

काका हसायचे थांबले. "बाई, आपला सवालच चुकला. बिडी कुणापासून लपवता, ते इचारा."

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे नातवंडं झालेला माणूससुद्धा कुणाला तरी पाहून बिडी मुठीत लपवतो. प्रश्न बदलला. कुणी सासऱ्याचं नाव दिलं, कुणी विहीणबाईंचं. मग त्या त्या माणसाचा आवाज आम्ही मागवायचो, आणि काका कार्यक्रमात सांगत, "तलफ आली तर दोन दाबा." दोन दाबलं की तोच आवाज कानात. गंगाखेडच्या एका आत्याबाईंनी रेकॉर्ड केलं, "मेल्या, टाक ती! इथवर वास यायलाय!" शाळेत शिकवणाऱ्या एका मुलीनं फक्त म्हटलं, "बाबा, मला केव्हाचं माहीत आहे." त्या बाबांची बिडी सुटली. आत्याबाईंच्या भाच्याचीही सुटली. आमचं ऑफिस लग्नघरासारखं झालं.

काका मात्र एका बाबतीत गप्प होते. त्यांचा थोरला भाऊ ताडकळसला शेती करायचा. वडील लवकर गेले, दादांनीच यांना वाढवलं. आता दादांना बांधापर्यंत चालताना धाप लागायची, आणि डॉक्टरांनी बजावूनही बिडी सुटत नव्हती. काकांनी आपल्या हातानं त्यांचं नाव नोंदवलं होतं.

"मग काय उत्तर दिलं त्यांनी?" मी विचारलं.

"काय देणार? भावकीत त्येच्यावर कुणी न्हाई आता. लपावं आसं मानूसच उरलं न्हाई." मग म्हणाले, "त्याला मीच लावली, बाई. जत्रंत बिडीची जाहिरात मी करायचो. फुकट वाटायची बंडलं उरली, ती घरी नेऊन दिली. आपल्या भावानं आणली म्हून त्यो कौतुकानं वढायचा."

आणि एका सकाळी ताडकळसहून दादांचं उत्तर आलं. मी आधी एकटीनं ऐकलं, मग काकांना हाक मारली.

"मी धाकट्यापासून लपिवतो," दादांचा धापा टाकणारा आवाज म्हणाला. "त्यानं सोडली, आन मला जमंना. त्यो घरी आला की मी गोठ्यामागं जातो. थोरला आसून धाकट्याला लाजायलोय. काय सांगायचं ते त्यालाच सांगू द्या."

जिल्ह्याला ओरडून जागं करणारा माणूस उठून रेकॉर्डिंगच्या खोलीत गेला. माईकसमोर उभा राहिला आणि तसाच बाहेर आला. पाणी प्यायला, पुन्हा आत गेला. "दादापुढं मी कदी तोंड वर करून बोललो न्हाई," मला म्हणाले. "तुमी भाईर जा."

रेकॉर्डिंग मला तपासावंच लागे. माईकवर टकटक नव्हती. "दादा, मी हाय. ती बंडलं मीच आणलती. तवाच फेकाय पायजे हुती. तुमी गोठ्यामागं जाऊ नका. माझ्यापासून लपू नका. तलफ आली की मला बोलवा, मी येतो. टाका ती, दादा." आवाज इतका बारीक होता, की आमच्या संस्थेच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हे पुन्हा करायला सांग. मी नाही म्हटलं. मला तो आवाज होता तसाच हवा होता.

दादांनी 'मी येतो' हे शब्दशः घेतलं. ऊठसूट फोन यायचा, आणि काका अर्धा मेसेज तसाच सोडून ताडकळसची बस गाठायचे. एका लग्नात दादांनी पुन्हा दोन झुरके मारले, तेव्हा काका रागावून दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. शेवटी काकांनी बोचकं बांधलं आणि तिकडेच राहायला गेले. आता आमचे मेसेज दुसरा एक मुलगा बोलतो. त्याचे उच्चार स्वच्छ आहेत. त्याला कुणी साड्यांचा भाव विचारत नाही, आणि मला करमत नाही.

परवा बाजाराच्या दिवशी ताडकळसला गेले होते. दादा ओट्यावर बसले होते. दिवाळीपासून बिडीला हात लावलेला नाही, आणि बांधापर्यंत न थांबता जातात. आतून काका चहावरून सुनेवर, शेजाऱ्यांवर आणि मांजरावर एकाच वेळी ओरडत होते. दादांनी मात्र मोबाईल कानाला लावला होता. अंगठ्यानं त्यांनी दोन दाबलं.

"तलफ येते अजून?" मी घाबरून विचारलं.

"छ्या! कवाच गेली." दादांनी आतल्या आरड्याओरड्याकडे हात केला आणि हसले. "ह्यो घरात निस्ता कर्ण्यावानी बोंबलायलाय बगा. नीट बोलल्याला हितंच ऐकायला मिळतो."

आणि त्यांनी दुसऱ्या कानावर हात ठेवला.