धारचे दुसरे बोलावणे

नाताळाच्या आठ दिवस आधी धारहून अक्काचे पत्र आले. असे पत्र दरवर्षी येई. आई त्याला हात लावत नसे. ‘ठेव तिकडे’ म्हणे, आणि मी ते देवघराच्या फळीवर पंचांगाखाली सरकवून ठेवी. अशी सहा पत्रे तिथे न फोडलेली पडली होती. सातवे मात्र मी कचेरीत नेले आणि दुपारच्या सुट्टीत फोडले. आत दोनच ओळी होत्या. पंचवीस तारखेला जेवायला ये, आईलाही घेऊन ये, पाने दुपारी मांडू.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. पुढे वीस वर्षे ती आमच्या घरात डोक्यावरून लाल आलवण ओढून वावरली. मग संवत छप्पनचा दुष्काळ पडला. धारच्या मिशनच्या दवाखान्यात उपाशी पोरांना सांभाळायला बायका हव्यात असे तिच्या कानी आले आणि ती एका सकाळी निघून गेली. वर्षभराने ती ख्रिस्ती झाल्याचे कळले. आईने त्या दिवशी अंघोळ केली आणि त्यानंतर तिचे नाव घेतले नाही.

मी जावे की नाही, हा प्रश्न लहान नव्हता. ख्रिस्त्यांच्या पंगतीला बसलेल्या माणसाला आमच्यात पुन्हा पंगतीला घेत नाहीत. नोकरी राहते, पण लग्नामुंजीची बोलावणी थांबतात. आणि खरे सांगायचे तर मी बोलावण्यांवर जगणारा माणूस आहे. आमच्या देवासात रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची आणि दुसरी धाकट्या पातीची. दोन राजे, दोन दरबार, दोन मानपान. कोणी कोणाला आधी बोलावले याचे भान आम्हांला पाळण्यात असल्यापासून असते. तरी मी रजा टाकली. आईला सांगितले, धार पाहून येतो. स्वतःलाही तेच सांगितले.

पहाटे टांगा निघाला तेव्हा माताजींची टेकडी धुक्यात बुडाली होती आणि तिच्या माथ्यावरचा दिवा तेवढा आभाळात टांगल्यासारखा दिसत होता. क्षिप्रेच्या पुलापाशी घोड्याला दम खाऊ दिला. तिथला दूधवाला पितळी पेल्यात साय घालून दूध देतो, ते कोणी चुकवू नये. इंदुरास दुपारी पोचलो आणि मावसभावाकडे मुक्काम केला. सकाळच्या गाडीने महू. गाडी लहान, पण वेळेवर. महूच्या स्टेशनाबाहेर धारचे टांगे मिळतात. अख्खा टांगा केला तर महाग पडतो, तीन जणांत केला तर परवडतो. मला एक कापडाचा व्यापारी आणि त्याची बायको मिळाली. महू ते धार हा रस्ता पक्का आहे, पण उघड्या माळावरून जातो. डिसेंबरात जाणाऱ्याने घोंगडी घेतल्याशिवाय निघू नये. मी एक शाल घेऊन ऐटीत निघालो होतो. घाटा बिल्लोदला चंबळ ओलांडेपर्यंत माझे दात वाजू लागले. शेवटी टांगेवाल्याने आपल्या बैठकीखालचे पोते काढून मला दिले आणि म्हणाला, “ओढ लो भिया, इज्जत बाद में देख लेंगे.”

ते पोते पांघरून मला गुंगी आली. दोन्ही बाजूंना गव्हाची शेते, मधूनच वीतभर उंचीच्या अफूच्या रोपांचे वाफे, आणि वर फिकट ऊन. जाग आणि झोप यांच्यामध्ये कुठेतरी मी लहान झालो. अक्का मला कडेवर घेऊन विहिरीकडे चालली होती आणि तिच्या डोक्यावर दाट केस होते. हे मी कधी पाहिलेले नव्हते, कारण मला कळू लागले तेव्हा तिचे केस गेलेले होते. डोळे उघडले तर समोर लाल दगडांचा किल्ला आणि एकामागून एक तळी. धारची तळी संध्याकाळी पाहावीत. पाणी हलत नाही आणि त्यात किल्ला उलटा उभा राहतो. मी बराच वेळ काठावर बसून होतो. अक्काच्या घरी तडक जायचा धीर झाला नाही. बाजाराजवळच्या धर्मशाळेत उतरलो आणि टांगेवाल्याच्या हाती चिठ्ठी पाठवली, की मी आलो आहे, इथे आहे.

दुसऱ्या दिवशी नाताळ. आता इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. जेवणाचे आमंत्रण आमच्यात एकदा होत नाही. आधी आमंत्रण. मग त्या दिवशी पाने वाढली, की घरचे माणूस दारात येऊन म्हणते, चला, पाने वाढली आहेत. हे दुसरे बोलावणे आल्याशिवाय उठून जाणारा माणूस हावरट ठरतो. पहिले पत्र आले होते. म्हणून मी अंघोळ करून, पागोटे बांधून, उपरणे खांद्यावर टाकून सकाळी दहापासून खिडकीशी बसलो. मिशनच्या बाजूने घंटा वाजली. भजनाचा आवाज ढोलकीसकट वाऱ्यावर आला आणि गेला. बारा झाले. एक झाला. पोटात कावळे कोकलू लागले, आणि त्याहून जास्त राग येऊ लागला. घरदार, जात, नाव पणाला लावून मी इथवर यावे आणि यांनी साधे बोलावणे करू नये? समोर चिंचेखाली चष्मा लावलेली एक बाई जाड्या पांढऱ्या शालीत उभी होती. कोणाच्या तरी टांग्याची वाट पाहत असावी असे मला वाटले. मधूनच ती खिडकीकडे पाही. मी मान फिरवून घेई, कारण परक्या बाईकडे पाहणे बरे नव्हे.

दीड वाजता मी सामान बांधले. जेवण गेले खड्ड्यात, महूचा टांगा गाठावा. दाराबाहेर पाऊल टाकले तशी ती बाई रस्ता ओलांडून पुढे आली. शाल मागे सरकली. दाट, अर्धे पांढरे झालेले केस, मधोमध भांग.

“नाना,” ती म्हणाली, “चल. पानं वाढलीत.”

आवाज अक्काचा होता. ती बारा वाजल्यापासून तिथे उभी होती. धर्मशाळेत ती आली असती तर चौकीदाराने मला तिथले पाणी बंद केले असते, म्हणून उंबऱ्याशी आली नाही. हाक मारावी तर रस्त्यावर तमाशा. मी ओळखीन, निदान पाहीन, एवढ्या आशेवर ती उभी राहिली. मी रुसून म्हणालो, कोणाला तरी पाठवायचे. ती म्हणाली, “घरचं माणूस यायला हवं ना बोलावणं करायला. तुझ्या घरचं तिथे माझ्याशिवाय कोण आहे?”

मी तिच्यामागून निघालो. मग तिने चालता चालता सांगितले, की कोणी जेवलेले नाही. सगळे पानांवर बसून आहेत.

ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. दवाखान्यामागच्या अंगणात पळसाच्या पत्रावळींची लांब रांग होती. दाळ-बाफले, तूप, लाडू वाढून झालेले. आणि त्यांच्यासमोर हात मांडीवर ठेवून चाळीस-पन्नास माणसे बसलेली. छप्पनच्या दुष्काळात आईबाप गमावलेली, आता मिसरूड फुटलेली मुले, त्यांच्या जोडीच्या मुली, दोन भिल्ल म्हातारे, एक आंधळी बाई. ज्यांनी एकदा झाडाच्या साली खाल्ल्या होत्या ती माणसे भरल्या पानांपुढे दीड तास माझ्या मानपानासाठी थांबली होती. लाजेने माझे कान तापले. रांगेत दोन पाने मोकळी होती. एक माझे. दुसरे कोणाचे, ते अक्काला विचारावे लागले नाही.

आंधळ्या बाईने माझी चाहूल घेतली आणि बाजूला सरकली. “आ गया म्हारो पावणो? बैठ जा बेटा, ठंडो हुई गयो सब.” कोणीतरी हसले आणि मग सगळेच हसले.

मी अजून उभा होतो. खाली बसलो की परत फिरणे नाही, हे मला पक्के ठाऊक होते. अक्का हळूच म्हणाली, की बाप्तिस्म्याचे ती काही बोलत नाही. येशूने सांगितलेली एक गोष्ट मात्र तिने सांगितली. एका माणसाने मोठी जेवणावळ घातली. आधी आमंत्रण केले, आणि सगळे तयार झाल्यावर चाकराला पुन्हा बोलवायला पाठवले. ज्यांना पहिल्याने बोलावले होते त्यांना कोणाला शेत पाहायचे होते, कोणाला बैल. मग त्याने रस्त्यावरच्या आंधळ्यापांगळ्यांना आणवले, तरी जागा उरलीच. “ही ऐकली तेव्हा मला आपलीच रीत वाटली,” ती म्हणाली. “मी विधवा, मला कुठल्या मंगल कार्याचं बोलावणं नव्हतं. आणि इथे प्रत्यक्ष देव दारात उभा, चल म्हणून. नाना, तो आनंदानं बोलावतो रे. नाही म्हणायला मला काही सुचेचना.”

तिचा चेहरा इतका उजळला होता, की मला टांग्यातले ते स्वप्न आठवले. मी पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि बसलो.

अक्काने माझ्या एकट्याच्या वाटीत कटाची आमटी वाढली. खोबरे करपलेले होते. लहानपणी ती नेहमीच करपवायची आणि बोलणी खायची. तो पहिला घास गिळताना मी रडलो, हे लिहायला मला संकोच नाही. दुःख मुळीच झाले नव्हते. मला फार, फार आनंद झाला होता, आणि तो आनंद माझा एकट्याचा नव्हता, आधीपासून तिथे मांडून ठेवलेला होता.

निघताना अक्का एवढेच म्हणाली, की आईचे पान ती दरवर्षी मांडते.

परतीच्या वाटेविषयी लिहिण्यासारखे फार नाही. मी ती अर्धी झोपेत केली. मी ख्रिस्ती झालो का, असे वाचक विचारतील. त्या दिवशी मी फक्त हाकेला ओ देऊन जेवायला बसलो. पुढचे पुढे झाले, आणि ते सगळे त्या पानापासून सुरू झाले एवढे मला माहीत आहे.

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने वर न पाहता विचारले, “जेवलास तिथे?”

“जेवलो.”

तिने सुपातले चार खडे वेचून टाकले. आता उठेल आणि अंघोळीला जाईल असे मला वाटले. मग ती म्हणाली, “आमटी केली होती तिनं?”

“केली होती. खोबरं करपलं होतं.”

आईच्या ओठांचा कोपरा हलला. तिने पदराने डोळे पुसले आणि सूप पुन्हा हाती घेतले. “पत्रं काय, कोणीही पाठवतं,” ती म्हणाली. “बोलावणं करायला माणूस आलं असतं तर गोष्ट निराळी.”

मी सामान खाली ठेवले आणि तिच्यासमोर बसलो. “आई, मी त्यासाठीच आलोय. चल. पानं वाढली आहेत.”

ती उठली, आत गेली. पंचांग उचलल्याचा आणि पाकीट फोडल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग आणखी. मी बाहेर बसून राहिलो. थोड्या वेळाने तिने आतूनच विचारले, “वाटेत थंडी फार असते का रे?”

“फार,” मी म्हणालो. “दोन घोंगड्या घेऊ.”