अबेनानं शिकवलेली हागार

आमच्या चर्चच्या पाळकांनी अबेनाला फसवलं. तेही तिच्याच स्मरणसभेत, तिच्या फोटोशेजारी उभं राहून.

सुट्टीला मायदेशी, घानाला गेलेली अबेना तापानं गेली, असा तिच्या बहिणीचा फोन आला, तेव्हा मी मार्केट यार्डात कांद्याचा भाव पाडून मागत होते. समोरच्याला म्हटलं, "द्या तुमच्याच भावानं."

ती पुण्यात ख्रिस्ती ईश्वरविज्ञान शिकायला आली होती. शुक्रवारी दुपारी बिबवेवाडीतल्या माझ्या घरी आम्हा बायकांना जमवायची. बायबलमधली गोष्ट वाचून विचारायची, "तुमच्या घरात हे कसं होतं?" तिकडच्या बायका असंच, आपल्या जगण्यातून बायबल वाचतात, आणि तेही ईश्वरविज्ञानच, असं तिचं ठाम म्हणणं. एकदा हागारेची गोष्ट निघाली. अब्राहामानं या दासीला लेकरासकट रानात घालवलं, भाकरी आणि कातडी पिशवीत पाणी देऊन. मी भडकले. "एवढा गुराढोरांचा मालक, आणि एक पिशवी पाणी? मी हमालालाही असं काढत नाही!" अबेना खो खो हसली. "रूथताई, हे मी कॉलेजात सांगणार. तुमचं नाव घेऊन." मग म्हणाली, "ही मिसरची, म्हणजे इजिप्तची, आमच्या आफ्रिकेची. बायबलात देवाला नाव देणारी पहिली हीच. 'पाहणारा देव' म्हणाली ती." कुणाचाही मुद्दा ती त्या बाईचं नाव घेतल्याशिवाय पुढे नेत नसे. मार्थामावशी घाबरायच्या, "अगं, माझं नाव नको, सुनेला कळेल!" "मग सुनेलाही आणा," अबेना म्हणायची.

स्मरणसभेत पाळकांनी हागारेवरच उपदेश केला. पिशवीतलं पाणी, पाहणारा देव, सगळं आमच्या शुक्रवारचं, अबेनानंच त्यांना सांगितलेलं. आणि म्हणाले, "प्रार्थनेत प्रभूनं मला हे दाखवलं." अबेनाबद्दल एवढंच, की ती गोड गायची. आता त्यांच्या उपदेशांचं पुस्तक निघतंय.

बाहेर मी त्यांना गाठलं. "पाळकसाहेब, हे अबेनाचं ना?"

"अहो, देवाचं वचन कुणाच्या मालकीचं असतं का?" मग हळूच, "तुमच्या लेकीचं लग्न आपल्याच चर्चमध्ये ना?"

तेव्हापासून धड झोप नाही. नवरा म्हणतो, "लग्न होईस्तोवर गप्प बस." पण तोवर पुस्तक छापून येईल. उद्या माझी नातवंडंही म्हणतील, हे पाळकांनी शोधलं...

शुक्रवारी बायका अजून येतात. एखादी आपला मुद्दा सांगते आणि थांबते, कुणीतरी तिचं नाव घेईल म्हणून.

पाळकसाहेब, लग्नाला दुसरं चर्च मिळेल. तुम्ही येत्या रविवारी वेदीसमोर उभे राहा आणि सगळ्यांदेखत सांगा : हागार तुम्हाला कुणी शिकवली?