आजीची दसऱ्याची माणसं

आमची आजी अनोळखी माणसाला नाव विचारायची नाही. आधी विचारायची, "जेवले का?" समोरचा गोंधळला की त्याच्या हातातली पिशवी स्वतः उचलून ती सरळ घराकडे चालू लागायची. पिशवी पुढं गेली की माणूस मागून येणारच. दोन पोळ्या पोटात गेल्यावर मग, "आता सांग बापा, कोणतं गाव तुमचं?" लहानपणी मला याची गंमत वाटायची. मोठी झाल्यावर राग यायला लागला. अहो, घरात घेतोय त्याचं निदान नाव तरी माहीत असावं की नाही! यावर आजीचं उत्तर ठरलेलं असे. "नाव-गाव पोट भरल्यावर. भुकेल्या माणसाले काय पत्ता विचारतं वं?"

भागरथाबाई तिचं नाव. जन्म उमरेडकडच्या एका खेड्यातला. छप्पन सालच्या दीक्षेला ती सात वर्षांची होती आणि आईबरोबर पायी नागपूरला आली होती. वाटेत एका विहिरीवर तहान लागली म्हणून थांबल्या, तर पाणी ओढणाऱ्या बाईनं आधी जात विचारली आणि मग भरलेली बादली उचलून निघून गेली. नागपुरात पोहोचल्यावर इंदोरा वस्तीतल्या एका बाईनं दोघींना हाताला धरून घरात नेलं, पानात गरम आलूभात वाढला आणि झोपायला सतरंजी दिली. त्या बाईनं काहीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माय-लेकी पांढऱ्या कपड्यांत दीक्षा घेऊन आल्या. आजी म्हणायची, "मले त्या दिवशीचं भाषण समजलं नाई, मी लहान होती. आलूभात मातर समजला."

पुढं लग्न होऊन ती त्याच इंदोऱ्यात आली. आजोबा कापड गिरणीत होते, ते लवकर गेले. मग आजीनं कळमन्याच्या बाजारात धान्य चाळायचं काम धरलं आणि तीन लेकरं वाढवली. रोज सकाळी आंघोळ झाली की त्रिशरण-पंचशील म्हणायची, अगदी ठणठणीत आवाजात, शेजारची पोरं त्यावर उठायची. पण नुसत्या वंदनेवर तिचा विश्वास नव्हता. "वंदना तोंडानं होते, दान हातानं. तोंड दुखत नाई, हात दुखते. म्हणून लोकं वंदनाच जास्त करते," असं ती भर विहारात म्हणाली होती, आणि तेही अध्यक्ष शेजारी बसलेले असताना. आई बिचारी लाजेनं अर्धी झाली.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोक येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण लोक येतात म्हणजे कुठंतरी झोपतात, कुठंतरी आंघोळ करतात, हे ज्यांच्या दारात ते येतात त्यांनाच कळतं. आमच्या दोन खोल्यांत त्या तीन दिवसांत तीस-पस्तीस माणसं असायची. एका वर्षी बंद दुकानाच्या पायरीवर हिंगोलीकडची काही मंडळी चुकामूक होऊन बसली होती. आजीनं त्यांच्या पिशव्या उचलल्या. त्यांत कौसाबाई नावाची तरुण सून होती. त्यानंतर कौसाबाई आणि तिच्या गावचे लोक दर वर्षी आमच्याकडेच उतरायला लागले. आता कौसाबाईला नातवंडं आहेत. ना कधी पत्र, ना फोन. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती माणसं गल्लीच्या तोंडाशी दिसायची आणि आजी ओट्यावरून ओरडायची, "आले वं माझे!"

बाबांना मात्र हे कधीच आवडलं नाही. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, शिस्तीचा माणूस. ते सांगायचे, "लहानपणी दर दसऱ्याला माझी चादर कोणा तरी म्हाताऱ्याच्या अंगावर असायची आणि मी कुडकुडत बसायचो. आईला जगाची थंडी दिसायची, माझी नाही." हे ते हसत सांगायचे, पण पूर्ण हसत नव्हते.

बाबा निवृत्त झाले तसं इंदोऱ्याचं घर विकून आम्ही बेलतरोडीकडे फ्लॅट घेतला. सोळा फ्लॅटची इमारत, लिफ्ट, खाली पार्किंग. आजीनं एकच अट घातली. "येतो मी. पण दसऱ्याले माझी माणसं येतीन." आम्ही सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. आणि इथं मला माझी चूक कबूल केलीच पाहिजे. सोसायटीच्या नियमांच्या कागदावर सही मी केली होती आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की बाहेरच्या मंडळींचा सामूहिक मुक्काम चालणार नाही. मी ते वाचलं होतं. मनात म्हटलं, जाऊ दे, आजी थकली आहे, दसऱ्यापर्यंत विसरेल. आजी विसरेल! माझ्या अकलेची कमाल आहे.

दसऱ्याला पंधरा दिवस होते तेव्हा आजी सेक्रेटरींकडे पार्किंगमधल्या नळाची चौकशी करायला गेली. त्यांनी तिला तो कागद दाखवला, खाली माझी सही. आजी वर आली, माझ्यासमोर बसली. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. ती एवढंच म्हणाली, "प्रज्ञे, तुले वाचता येते म्हणून मी किती खूश होती वं." मला रडूच फुटलं. "रडू नको," आजी म्हणाली, "चप्पल घाल. आपल्याले पंधरा दरवाजे फिराचे हाय."

मी म्हटलं, "आजी, परवानगी नाही देणार कोणी." तर ती म्हणाली, "परवानगी कोण मागून राहिलं? मी तं गाद्या मागाले चालली." आणि खरंच, आजीनं एकाही घरात परवानगीचा शब्द काढला नाही. दार उघडलं की, "बाई, माह्याकडे दसऱ्याले पाव्हणे येऊन राहिले. लेकरं हाय, म्हाताऱ्या हाय. तुमच्याकडे एखादी जास्तीची गादी हाय काय?" गुडघे तिचे पार गेले होते, तरी तिनं लिफ्ट वापरली नाही. म्हणे, जिन्यात माणसं भेटतात. कोणी तोंडावर दार लावलं. कोणी म्हटलं विचार करतो. एकीनं तर चहा पाजून गॅसची मोठी शेगडी देऊ केली. आठव्या दिवशी आमच्या हॉलमध्ये अकरा गाद्या होत्या. शेवटी सेक्रेटरी वर आले. त्यांच्या बायकोनं परस्पर दोन सतरंज्या दिल्या होत्या, त्यामुळे आवाज जरा खालीच होता. म्हणाले, "आजी, पार्किंग घाण झालं तर?" आजी म्हणाली, "मीच झाडीन साहेब. तुम्ही पाहजा, तुमच्या रोजच्यापेक्षा साफ राहीन." गाड्या तीन दिवस बाहेर रस्त्यावर लावायचं ठरलं.

पण खरी अडचण पुढंच होती. कौसाबाईला नवा पत्ता माहीतच नव्हता! ती माणसं सवयीनं इंदोऱ्यालाच जाणार, आणि जुन्या घराच्या जागी तर आता नव्या मालकाची दुमजली इमारत उभी. आजी म्हणाली, "मी गल्लीत जाऊन बसतो." डॉक्टरांनी तिला उन्हात फिरू नका म्हणून बजावलं होतं, छातीचं दुखणं सुरू झालं होतं. बाबा चिडले. "आई, त्या माणसांसाठी तू जीव देणार आहेस का?" आजीनं पदर खोचला. "त्यायले कोणी सांगाले नसन, तं ते समजतीन की भागरथा मेली नाई तं बदलली. मेली म्हटलं तं चालन मले. बदलली म्हटलं तं नाई चालणार." मी स्कूटी काढली. बाबा बाल्कनीतून बघत राहिले.

सकाळी नऊपासून आम्ही शेजारच्या ओट्यावर बसलो. दीक्षाभूमीकडं जाणारी माणसं नुसती वाहत होती, पांढरे कपडे, निळे झेंडे, डोक्यावर बोचकी. दुपारचे दोन झाले, चार झाले. बाबांचे फोनावर फोन. मी म्हटलं, "आजी, आले नसतील या वर्षी." ती म्हणाली, "तुले घाई असन तं जा. मले काय काम हाय?" पाचच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी कौसाबाई दिसली. गाडी सहा तास उशिरा आली होती. ती चालत आली, आमच्या घराच्या जागेसमोर थांबली आणि वरखाली बघतच राहिली. मग मटकन खाली बसून म्हणाली, "अगं बाई, घर कुठं गेलं?" आजी काठी टेकत रस्ता ओलांडून गेली. "घर गेलं वं. मी हाय नं!" दोघी भर रस्त्यात गळ्यात पडून रडल्या. पाठीमागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते, पण कोणाला पर्वा!

ते तीन दिवस पार्किंगमध्ये काय आनंद होता! शिजवायला बिल्डिंगमधल्या चार बायका खाली उतरल्या. सेक्रेटरी साहेब पंगतीत बसून वांग्याची भाजी दोनदा मागून जेवले. शेवटच्या दिवशी आजीनं पहाटेच झाडू हातात घेतला, तर कौसाबाईनं तो ओढून घेतला. दोघींची त्यावरून चांगलीच जुंपली.

पुढच्या वर्षी दसरा जवळ आला आणि आजीला दवाखान्यात न्यावं लागलं. हृदय थकलं होतं. तिथंही तिचं एकच. "गल्लीत कोण बसन?" मी म्हटलं, "आजी, आता त्यांच्याकडे आपला पत्ता आहे, मी फोन नंबरही घेऊन ठेवलाय." तिनं डोळे मिटूनच विचारलं, "आन् फोन लागला नाई तं?" मी म्हटलं, "मी बसेन." तिनं माझा हात इतक्या जोरात दाबला की मला दुखलं. दोन दिवसांनी ती गेली. दसऱ्याला अकरा दिवस उरले होते.

घरात नातेवाईक जमले. आत्या म्हणाली, "या वर्षी राहू द्या, घरात दुःख आहे." बाबा नुसते आजीच्या रिकाम्या खाटेकडं बघत बसले होते. मी मात्र ठरवलंच होतं. मला माझ्या त्या सहीची लाज अजून वाटत होती आणि आजीला दिलेला शब्द मला मोडायचा नव्हता. मी कौसाबाईच्या नातवाचा फोन लावत राहिले. बंदच! गाद्या मागायला खाली गेले तर सेक्रेटरींनीच विचारलं, "किती जण आहेत? मी पार्किंग धुवून घेतलंय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्याच ओट्यावर जाऊन बसले. ऊन कडक होतं. गेल्या वर्षी छाती दुखत असताना आजी दिवसभर इथं कशी बसली, याचाच मी विचार करत होते. अकराच्या सुमाराला एक ऑटो थांबला आणि त्यातून बाबा उतरले. माझ्याकडे न बघता शेजारी बसले. हातात पाण्याचा कॅन होता. येणाजाणाऱ्यांना ते मुकाट्यानं पाणी देऊ लागले.

दुपारी कौसाबाईची मंडळी आली. पत्त्याचा कागद हरवला होता, म्हणून सरळ गल्लीत आले होते. तिनं आधी मला बघितलं, मग बाबांना, मग आमच्या मागं कोणाला तरी शोधलं. बाबा उठून उभे राहिले. "आई गेली," ते म्हणाले. सत्तावीस माणसांनी तिथंच रस्त्यावर डोक्यावरची बोचकी खाली ठेवली. कौसाबाई रडली नाही. तिनं लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "चला. मावशी गेली म्हणून घरातल्यांनी चूल पेटवली नसेल. आम्ही करतो." आणि त्या दिवशी आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात हिंगोलीच्या बायकांनी भाकरी थापल्या. बाबा दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले, जेवता जेवता रडले, आणि कोणी त्यांना थांबवलं नाही.

निघताना मंडळी खाली पार्किंगमध्ये बोचकी बांधत होती. कौसाबाई घुटमळली. तिला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी चाचरत म्हणाली, "मावशी होती तोवर ठीक होतं, दादा. आता पुढच्या साली आम्ही... म्हणजे, तुम्हाला तरास नको."

मी तोंड उघडणार होते. पण बाबांनी आधीच तिच्या हातातलं बोचकं घेतलं आणि ऑटोकडे चालायला लागले. जाता जाता म्हणाले, "सकाळी नऊपासून मी गल्लीत असतो. उशीर झाला तरी या."