आधी सत्कार, मग सामना

यंदाच्या कबड्डी स्पर्धेत माझा सत्कार करण्याचे संयोजन समितीने ठरवले आहे. ‘मुलींच्या संघास दीर्घकाळ प्रोत्साहन दिल्याबद्दल’ अशी निमंत्रणाची भाषा. मी शाल घेणार नाही. तसा नकार रजिस्टर टपालाने कळवला आहेच. पण कारणे त्या लिफाफ्यात मावणारी नव्हती, म्हणून इथे मांडतो.

गावातली पोरे मला चिअरलीडर म्हणतात. क्रिकेटच्या सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या मुली टीव्हीवर दिसतात, त्यावरून ही थट्टा. माझ्या हातात झुपके नसतात आणि माझे गुडघे नाचण्याच्या स्थितीत नाहीत; एवढे सोडले तर आरोप मला मान्य आहे.

आवाज मला कोर्टाने दिला. तालुक्याच्या न्यायालयात नोकरीची पहिली वर्षे पुकारा करण्यात गेली. दाराशी उभे राहून पक्षकाराचे नाव तीनदा पुकारायचे आणि ते पार चिंचेखाली बसलेल्या माणसापर्यंत पोचवायचे. तीन पुकारे झाल्याखेरीज कुणालाही गैरहजर धरायचे नाही, हा दंडक तिथेच हाडात मुरला. पुढे कारकून झालो, निवृत्त झालो, आणि तो बेकार पडलेला आवाज गावातल्या मुलींच्या संघाला दिला.

हे काम बसून होत नाही. संघ मागे पडला की प्रेक्षकांचे घसे आपोआप मिटतात. आरोळी देणाऱ्याला नेमके तेव्हाच मोठे व्हावे लागते. “मैदान कुणाचं?” मी विचारायचो. “आमचं!” असे उत्तर आले नाही, तर तोच प्रश्न निर्लज्जपणे पुन्हा विचारायचा. घरी आलो की बायको गुळण्यांसाठी मीठ-हळदीचे गरम पाणी पुढे करायची. म्हणायची, “खेळल्या पोरी, अन् दुखणं तुमाला.” मोबदला म्हणाल तर एकच होता. आमची सर्वांत चपळ मुलगी चढाईला निघण्याआधी मध्यरेषेशी थबकून एकदा माझ्याकडे पाहायची. मी आरोळी दिली की निघायची.

त्या मुलीचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. एका वर्षी ज्या दिवशी आमचा अंतिम सामना, त्याच संध्याकाळी मुकादमाचा ट्रॅक्टर टोळी घेऊन कारखान्याकडे निघायचा होता, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला तिलाही जाणे भाग होते. सामना छापलेल्या वेळेला सुरू झाला असता, तर ती पुरा खेळून निघाली असती. बापाने तशी परवानगी दिली होती.

सामना सुरू झाला नाही, कारण साहेब आले नव्हते. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. ते आले, तेव्हा सत्कार सुरू झाले. आमच्याकडे व्यासपीठावर बसलेला प्रत्येक इसम सत्काराला पात्र असतो, आणि ज्याचा राहिला तो पुढच्या निवडणुकीपर्यंत विसरत नाही. सरपंच, माजी सरपंच, माजी सरपंचांचे मेहुणे. शाल, फेटा, नारळ. आणि ज्यांच्या नावाने हा खटाटोप, त्या मुली उन्हात ओळीने उभ्या, पाहुण्यांवर फुले टाकायला.

मुलीचा बाप माझ्याजवळ आला. “तात्या, मुकादम हॉर्नवर हॉर्न वाजवायलाय. थांबत न्हाई म्हणतो.”

मी समितीच्या अध्यक्षांना गाठले. म्हणालो, “पत्रकावर वेळ छापली आहे. छापलेली वेळ म्हणजे तुम्ही दिलेला शब्द.”

“तात्या, कोर्टानं तुमाला सोडलं, आता तुमी बी कोर्टाला सोडा! साहेब बोलले की लगेच शिट्टी.”

“तोवर ती मुलगी गेली तर?”

“एका पोरीवाचून कबड्डी बंद पडती का? दुसरी घाला. अन् तुमी इथं कशाला उभे? साहेबांच्या नावाची आरोळी द्या की. लई दांडगा आवाज हाय, फुकट चाललाय.”

साहेब बोलायला उठले. विषय स्त्रीशक्ती.

मी मैदानाच्या कडेला गेलो. आरोळी दिली नाही, पुकारा केला. तोच कोर्टाचा सूर. “दोन्ही संघ, हाजिर हो!”

बांधाच्या दाव्यात तारखा न खाल्लेले घर आमच्या जिल्ह्यात शोधावे लागेल. माणसे ताडकन उठली, बिड्या विझल्या, कुणी सदऱ्याची बटणे लावली. खुद्द साहेबांचे वाक्य अर्ध्यात तुटले. त्यांच्याही तारखा चालू होत्या. दुसऱ्या पुकाऱ्याला पंच रेषेवर जाऊन उभे राहिले. तिसऱ्याला मुलींनी फुलांची ताटे खाली ठेवली आणि त्या मैदानात उतरल्या.

साहेब पुढारी उगाच झालेले नाहीत. त्यांनी माइक पुन्हा तोंडाशी धरला. “माझं भाषण काय, कवाबी व्हईल. माझ्या लेकींचा खेळ आधी!” टाळ्या त्यांना मिळाल्या.

मध्यंतरापर्यंत ती खेळली आणि आम्ही पुढे होतो. मग बाप कडेला येऊन उभा राहिला. ती गणवेशातच त्याच्यामागे निघून गेली. उरलेला सामना मी घसा फाडून ओरडलो, आम्ही हरलो. बक्षीस समारंभात साहेबांनी राहिलेले भाषण पुरे केले.

गाळप संपून टोळ्या परतल्या, तेव्हा ती धुऊन घडी केलेला गणवेश द्यायला घरी आली. निकाल कसा सांगावा या विचारात मी होतो.

“ठाव हाय, तात्या,” ती म्हणाली. “फाट्यावर टायर बसलं, ट्रॅक्टर थांबला व्हता. तितवर तुमचा आवाज येत व्हता. मंग एकदम बंद झाला. तवाच कळलं.”

पुढच्या हंगामाआधी तिचे लग्न झाले. ती पुन्हा खेळली नाही.

यंदाच्याही पत्रिकेवर सत्कार आधी आणि सामना नंतर छापला आहे. माझ्या खांद्यावर शाल टाकायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात एक चढाई होते. ती होऊ द्यावी, एवढेच माझे समितीला सांगणे आहे. मी नेहमीसारखा कडेला उभा असेन. तरीही शाल घेऊन कुणी पुढे आलेच, तर मी पुकारा करीन, आणि या खेपेला त्याच्या नावानिशी करीन.